ओढ्यावरची वीज: टर्बाइन सगळ्यात शेवटी

वस्तीजवळून बारमाही ओढा वाहतो, उतारावरून धडाधड खाली येतो, आणि रात्री घरात मात्र कंदील किंवा डिझेलचा धूर. अशा जागी राहणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतंच, की या पाण्यावर वीज का करू नये? करता येते. आमच्या २८ घरांच्या वस्तीत ती होते आहे. पण तिथवर पोचायला जेवढी वर्षं लागली त्यातली निम्मी वाया गेली, कारण आम्ही सुरुवातच चुकीच्या टोकानं केली. पहिला फोन केला तो टर्बाइन विकणाऱ्याला. त्यानं विचारलं, "हेड, म्हणजे पाणी पडायची उंची, किती? पाणी किती लिटर?" आम्ही म्हणालो, "पाणी भरपूर आहे." भरपूर हे माप नव्हे, हे तेव्हा कळलं नाही.

म्हणून इथे टर्बाइन आठव्या पायरीवर आहे. त्याआधीच्या सात पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, पण योजना तिथेच ठरते.

हे सगळं लिहिलं आहे ते साधारण १ ते २० किलोवॅटच्या योजनांसाठी. धरण नाही, साठा नाही. ओढ्यातलं थोडं पाणी वरून वळवायचं, पाइपातून खाली आणायचं, यंत्र फिरवायचं आणि पुन्हा त्याच ओढ्यात सोडायचं.

१. आधी एक गुणाकार

पाण्यातून मिळणारी वीज दोनच गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती लिटर पाणी येतं आणि ते किती मीटर खाली पडतं. हिशेबाचं सूत्र असं:

वॅट = लिटर प्रति सेकंद × मीटर × ९.८१ × कार्यक्षमता

पाइपातलं घर्षण, टर्बाइन, पट्टा, जनरेटर असं सगळीकडे थोडं थोडं गळत गेलं की एवढ्या लहान योजनेत हाती निम्म्याच्या आसपास उरतं. म्हणून कागद-पेन्सिलीचा हिशेब करताना ९.८१ आणि कार्यक्षमता बाजूला ठेवा आणि सरळ ५ नं गुणा. आमच्याकडे २० लिटर आणि ४० मीटर आहेत. २० × ४० × ५ = ४,००० वॅट, म्हणजे ४ किलोवॅट. एवढ्याशा संचाला ८०-८५ टक्के कार्यक्षमता मिळेल असं कुणी सांगितलं, तर तो आकडा नुसत्या टर्बाइनचा आहे की पाइपाच्या तोंडापासून घरातल्या दिव्यापर्यंतचा, ते विचारा.

४ किलोवॅट ऐकून आमच्या बैठकीत बरीच तोंडं पडली होती. पण हे यंत्र रात्रीही चालतं. २४ तासांचे ९६ युनिट होतात, वर्षाचे ३५ हजार. तेवढ्याच क्षमतेचे सौर पॅनल लख्ख उन्हाच्या दिवशी १६ ते २० युनिट देतात. ओढ्याची वीज थोडी असते, पण थांबत नाही. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करायची.

आणखी एक. २ मीटर उंची आणि ४०० लिटर पाणी यांचा गुणाकारही तेवढाच येतो. पण ४०० लिटर पोटात घेणारं यंत्र, कालवा आणि बांधकाम अवाढव्य होतं. निवडीला वाव असेल तर पाण्यापेक्षा उंची निवडा.

२. उंची मोजा

फोनमधल्या उंचीच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका, तो १०-२० मीटरनं सहज चुकतो. ४० मीटरच्या योजनेत एवढी चूक म्हणजे निम्मी योजनाच गेली. दोन पद्धती कुणालाही जमतात.

पहिली, गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी. दोन माणसं, दोन मोजपट्ट्या. नळीत पाणी भरा आणि बुडबुडा राहिला नाही ना ते बघा. वरच्या माणसापासून खालच्या माणसापर्यंत टप्प्याटप्प्यानं फरक लिहीत उतरा. खाली पोचल्यावर तसंच मोजत परत वर चढा. दोन बेरजांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला, तर कुठेतरी एखादा टप्पा लिहायचा राहिला आहे.

दुसरी, बागेची नळी आणि तिच्या खालच्या टोकाला प्रेशर गेज. वरचं टोक पाण्यात बुडवून नळी पूर्ण भरा आणि खालचं टोक गेजनं बंद करा. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब म्हणजे १० मीटर उंची. ही पद्धत झटपट आहे आणि झाडीत तर फारच सोयीची. नळीत हवा अडकली की मात्र आकडा खोटा येतो.

मोजायचं ते वर जिथे पाइपाचं तोंड असेल तिथल्या पाण्याच्या पातळीपासून खाली यंत्र बसेल तिथपर्यंत. आणि यंत्राची जागा पुराच्या पाण्याच्या वर हवी. सर्वांत मोठा पूर कुठवर आला होता ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, खडकावर खूण करा आणि त्या खुणेच्या वरच शेड बांधा. यात ३-४ मीटर उंची गेली तरी जाऊ द्या.

३. पाणी मोजा, पण कोरड्या दिवसांत

आमची सर्वांत महाग चूक इथली. पावसाळा संपल्या संपल्या उत्साहानं मोजलं तर ७० लिटर भरले. १४ किलोवॅटची स्वप्नं पडू लागली, कुणी गिरणीचं बोलू लागलं, कुणी शीतगृहाचं. मग पाऊस पडायच्या आधीच्या महिन्यात पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा आला २७ लिटर.

कमीत कमी एक पूर्ण वर्ष, दर आठवड्याला मोजा. सर्वांत कमी आकडा कधी येतो हे हवामानावर अवलंबून आहे. उष्ण भागात तो पावसाच्या तोंडावर येतो, तर बर्फाच्या भागात ऐन थंडीत, पाणी गोठल्यावर. मोजायच्या रीती ओढ्याच्या आकारावर:

बादली: सगळं पाणी एका पन्हळीतून पडेल असं करा आणि २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ४-५ लिटरपर्यंत ठीक, त्यापुढे पिंप घ्या.

तरंगती काडी: सरळ पात्राचा १० मीटरचा तुकडा निवडा, रुंदी आणि सरासरी खोली मोजून छेदाचं क्षेत्रफळ काढा, काडी किती वेळात पार होते ते पाहून वेग काढा. दोन्हींच्या गुणाकाराला ०.६५ ते ०.८ नं गुणा, कारण पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद जातं. पात्र जेवढं उथळ आणि दगडगोट्यांचं, तेवढा हा गुणक खाली. ही रीत अंदाजापुरतीच आहे.

खाचेची फळी: आमचा भरवसा हिच्यावर. फळीत ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापा आणि फळी ओढ्यात आडवी, अगदी समपातळीत रोवा. मागे साचलेल्या पाण्याची खाचेच्या खालच्या टोकापासूनची उंची मोजा. उंची १० सेंटिमीटर असेल तर ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर, २० असेल तर जवळपास २५ लिटर, २५ असेल तर ४३ लिटर. ही उंची खाचेपाशी मोजायची नाही, तिथे पाणी वाकतं. मीटरभर मागे खुंटी ठोका आणि तिथे मोजा. फळीखालून आणि बाजूंनी झिरपणारं पाणी चिकणमातीनं बंद करा. आमच्या पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी या झिरपण्यामुळेच फेकून द्याव्या लागल्या.

आता २७ लिटरमधले सगळेच उचलायचे का? नाही. ज्या तुकड्यातून तुम्ही पाणी वळवता, तिथे मासे आहेत, बेडूक आहेत, पाण्यावर येणारी गुरं आहेत. बऱ्याच देशांत ओढ्यात किमान किती पाणी सोडायचं याचा नियमच आहे. नसेल तिथेही सोडा. आम्ही ७ लिटर सोडतो आणि बंधाऱ्याला त्या मापाचं भोक कायमचं ठेवलं आहे. झडप ठेवली असती तर टंचाईच्या रात्री कुणीतरी ती बंद केलीच असती.

४. गरज घरोघर जाऊन लिहा

४,००० वॅट भागिले २८ घरं, म्हणजे घरामागे १४० वॅट. एलईडी दिवा ७ ते ९ वॅटचा, फोनला ५ ते २० वॅट लागतात. पंखा, टीव्ही हे सुद्धा बसतं. इस्त्री, गिझर, पाण्यात सोडायचा हीटर मात्र प्रत्येकी १,००० ते २,००० वॅट खातात. दोन घरांनी एकाच वेळी हीटर लावले की उरलेल्या २६ घरांत दिवे मिणमिणणार.

त्यामुळे महिन्याला किती युनिट लागतात हा प्रश्न इथे दुय्यम आहे. संध्याकाळी ७ ते १० मध्ये एका वेळी किती वॅट लागतात, हा खरा प्रश्न. एका कागदावर २४ तास आडवे मांडा आणि प्रत्येक तासाला काय काय चालू असेल ते लिहा. संध्याकाळी डोंगर उभा राहील आणि मध्यरात्रीनंतर सपाट मैदान दिसेल. योजना टिकवायची असेल तर ते मैदान भरायचं: दिवसा पिठाची गिरणी, सुतारकाम, वाळवणी यंत्र, वरच्या टाकीत पाणी चढवणं, रात्री बॅटऱ्या भरणं.

घरामागे मर्यादा घालायला लाजू नका. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एग बेटावर २००८ पासून रहिवाशांची स्वतःची वीजव्यवस्था आहे. एक सुमारे १०० किलोवॅटचा जलविद्युत संच, दोन छोटे संच, सोबत पवनचक्क्या आणि सौर पॅनल. तिथे प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट अशी मर्यादा आहे, आणि ती सगळ्यांना सारखी. जास्तीची वीज सार्वजनिक इमारती ऊबदार ठेवायला वापरली जाते. तुमची मर्यादा १५० वॅट असेल, तत्त्व तेच. मीटरऐवजी घराबाहेर योग्य अँपिअरचा एमसीबी लावा. वापर वाढला की तो पडतो आणि भांडण माणसामाणसांत न होता खटक्याशी होतं.

५. कागद, आणि ओढ्याच्या खालची माणसं

नियम ठिकाणागणिक बदलतात, पण लागणारे कागद फिरून फिरून हेच:

• ओढ्यातलं पाणी वळवण्याची परवानगी. पाणी परत सोडणार आहात हे अर्जात ठळक लिहा.
• बंधारा, पाइप, शेड आणि खांब ज्या ज्या जमिनीतून जातील, त्या प्रत्येक मालकाची लेखी संमती. तोंडी नको.
• जंगल किंवा संरक्षित क्षेत्र लागत असेल तर त्या खात्याची परवानगी.
• ओढ्याच्या खालच्या अंगाला पाणी वापरणाऱ्यांशी लेखी करार: कोणत्या महिन्यात किती पाणी, कोणत्या वेळी.
• वस्तीची नोंदणीकृत संस्था, तिचं बँक खातं आणि सभेचे ठराव.
• वर्षभराच्या मोजणीची वही. हिच्यावाचून कर्ज किंवा अनुदान देणारा कुणी दारात उभं करत नाही.
• विद्युत सुरक्षेच्या तपासणीचं प्रमाणपत्र.

यातली संमतीपत्रं सर्वांत आधी घ्या. एका जमीनमालकानं आम्हाला पाइप अंथरून झाल्यावर "मी कधी हो म्हटलं होतं?" असं विचारलं. ६० मीटर पाइप उचलून पलीकडून फिरवावा लागला.

६. पाणी उचलण्याची जागा

वरच्या बांधकामाचं काम पाणी आत घेणं एवढंच नाही. गाळ, पानं आणि पूर बाहेर ठेवणं हे त्याहून मोठं काम आहे. ओढ्यात आडवा, बुटका, भक्कम बंधारा घाला. पाणी मात्र बाजूनं घ्या, समोरून नको. वळणाच्या बाहेरच्या बाजूला गाळ कमी साचतो, म्हणून जागा तिथे निवडा.

त्यानंतर गाळकुंडी. तिचा उपयोग एकच, पाण्याला दम खायला लावणं. कुंडी एवढी रुंद हवी, की पाणी सेकंदाला २० सेंटिमीटरहून हळू सरकेल आणि वाळू खाली बसेल. तळाशी गाळ सोडायची झडप ठेवा. वाळूमिश्रित पाणी टर्बाइनला पॉलिश पेपरासारखं घासतं.

कुंडीच्या शेवटी तिरपी जाळी लावा. तिरपी अशासाठी, की पानं वर सरकतात आणि खराट्यानं ओढता येतात. पट्ट्यांमधली फट नोझलच्या (यंत्रावर धार सोडणाऱ्या तोंडाच्या) व्यासाच्या निम्म्याहून कमी हवी. आमची नोझल १५ मिलिमीटरची आहेत, फट ७ ची. पानगळीच्या दिवसांत जाळी दिवसातून दोनदा साफ करावी लागते, हे करणारा माणूस आत्ताच ठरवा.

कुंडी भरून वाहिली तर पाणी कुठे जाईल याचा रस्ताही बांधून ठेवा. नाहीतर ते पाणी पाइपाच्या पायाखालची माती नेतं.

७. पाइप

पैसा इथे जातो, आणि चुकाही इथेच होतात. विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी समजून घ्या.

व्यास. आमच्या पाइपाची लांबी १५० मीटर आणि पाणी २० लिटर. आतला व्यास १०० मिलिमीटर घेतला तर घर्षणात जवळपास ८ मीटर उंची गिळली जाते, म्हणजे ४० मधली २० टक्के. १२५ चा घेतला तर २.७ मीटर. १५० चा घेतला तर १.१ मीटर. व्यास थोडा वाढला की घर्षण धाडकन उतरतं, साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात. ५ ते १० टक्के उंची घर्षणात गेली तर चालेल, त्यापुढे नको. आम्ही १२५ वर थांबलो. १५० चा घेतला असता तर मिळणाऱ्या दीड मीटरपेक्षा पाइपाची वाढीव किंमत जड झाली असती. दुकानदार बाहेरचा व्यास सांगतो, हिशेब आतल्या व्यासाचा असतो.

दाब. ४० मीटर म्हणजे ४ किलो, मग ६ किलोचा पाइप पुरेल असं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. चाचणीच्या दिवशी मी स्वतः खालचा पाव फेऱ्याचा व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद केला. वर उताराच्या मध्यावर तोफेसारखा आवाज झाला आणि पाइप चिरला. पाइपात सेकंदाला १.६ मीटर वेगानं धावणारं १५० मीटर लांबीचं पाणी, म्हणजे जवळजवळ दोन टन, अचानक अडलं तर दाबाची लाट उठते. प्लॅस्टिकच्या पाइपात दर १ मीटर वेगामागे ही लाट ३० ते ४५ मीटर उंचीएवढा दाब चढवते, लोखंडी पाइपात १०० मीटरहून जास्त. म्हणजे आमच्या ४० मीटरवर आणखी ६० मीटर चढले, आणि पाइप होता ६ किलोचा. आता १० किलोचा आहे, आणि पाव फेऱ्याच्या व्हॉल्व्हच्या जागी चाक फिरवून सावकाश बंद होणारा गेट व्हॉल्व्ह आहे.

हवा. उलटाही अपघात होतो. वरची जाळी तुंबली आणि खालचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पाणी खाली निघून जातं, आत निर्वात पोकळी तयार होते आणि पातळ भिंतीचा पाइप बाहेरच्या हवेच्या दाबानं चिपाडासारखा चपटतो. यावर उपाय म्हणजे पाइपाच्या तोंडाजवळ कुंडीच्या पातळीहून उंच गेलेली एक उभी नळी. हिचा खर्च काहीच नाही, आणि नेमकी हीच विसरली जाते.

बाकीचं थोडक्यात. पाइप सलग खाली उतरला पाहिजे, मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते. प्रत्येक वळणावर आणि खालच्या टोकाला काँक्रीटचा ठोकळा हवा, कारण दाब वळण सरळ करू पाहतो. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो, तो गाडा. एचडीपीई वाकतो, जोड वितळवून होतात आणि दगडाळ उतारावर तो सोयीचा पडतो.

८. आता टर्बाइन

एवढं झाल्यावर टर्बाइन निवडणं सोपं आहे, कारण आकडेच निवड करतात.

उंची भरपूर, पाणी कमी: पेल्टन. लेस्टर पेल्टन या अमेरिकन माणसानं १८८० मध्ये पेटंट घेतलेलं हे चाक. नोझलमधून सुटलेली धार दुहेरी वाट्यांवर आदळते. ४० मीटर उंचीला धार सेकंदाला २७ मीटर वेगानं निघते. वाटीचा वेग त्याच्या निम्म्याहून जरा कमी ठेवायचा असतो. मग मिनिटाला १,५०० फेऱ्यांना चाकाचा व्यास येतो १६ सेंटिमीटर. जेवणाच्या ताटाहून लहान चाक २८ घरं उजळतं, हे बघायला अजूनही लोक येतात. आमच्याकडे चार नोझल आहेत. पाणी घटलं की एक-एक बंद करतो आणि कार्यक्षमता फारशी पडत नाही. नेपाळमध्ये पेल्टन आणि जनरेटर एकाच दांड्यावर बसवलेले 'पेल्ट्रिक सेट' डोंगरी वस्त्यांमध्ये पसरले.

मध्यम उंची, मध्यम पाणी: क्रॉसफ्लो. ऑस्ट्रेलियाचे मिचेल, हंगेरीचे बांकी आणि जर्मनीचे ऑसबर्गर यांनी वेगवेगळ्या वेळी घडवलेला प्रकार. पात्यांचा पिंजरा पाणी दोनदा ओलांडतं आणि बारीक कचरा आपोआप बाहेर टाकतं. पत्रा कापून, वेल्डिंग करून तो साध्या कारखान्यात बनतो. जवळ बरा वेल्डर असेल तर माझं मत यालाच, कारण मोडल्यावर दुरुस्त होतो.

उलटा चालवलेला पंप: बाजारातला सेंट्रिफ्यूगल पंप पाणी उलट दिशेनं सोडून टर्बाइनसारखा चालतो. स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळतात. पण तो एकाच प्रवाहाला खूश असतो. पाणी थोडं कमी झालं की वीज फार कमी होते. कोरड्या महिन्यांतही हमखास मिळेल एवढ्याच पाण्यावर तो बसवा.

उंची २-३ मीटर, पाणी भरपूर: प्रोपेलर टर्बाइन किंवा आर्किमिडीजचा स्क्रू. स्क्रू सावकाश फिरतो, मासे त्यातून सुखरूप जातात, पण बांधकाम जड.

९. जनरेटर आणि लोड कंट्रोलर

एक पर्याय साधा अल्टरनेटर. दुसरा, कपॅसिटर जोडून जनरेटर म्हणून वापरलेली तीन फेजची इंडक्शन मोटर. मोटर स्वस्त आणि दणकट. जास्त भार पडला की तिचा व्होल्टेजच कोसळतो, त्यामुळे जळत नाही. पण गिरणीची मोठी मोटर चालू करायची असेल तर अल्टरनेटरच घ्या.

ओढ्याचं पाणी एकसारखं येत राहतं, वापर मात्र मिनिटामिनिटाला बदलतो. टीव्ही बंद झाले की भार हलका होतो, चाक जोरात पळतं, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी चढतात आणि उरलेल्या घरांतले दिवे जळतात. यावरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर. घरांत न वापरली गेलेली वीज तो त्याच क्षणी हीटरमध्ये वळवतो, म्हणजे जनरेटरवर भार कायम सारखाच राहतो. हीटरची क्षमता संचाच्या सव्वापट ठेवा, आमच्या ४ किलोवॅटला ५ किलोवॅटचे हीटर आहेत. ते हवेत तापू देण्यापेक्षा पाण्याच्या टाकीत बुडवा, सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी मिळतं. फक्त टाकी रिकामी होणार नाही याची सोय करा, हीटर उघडे पडले तर जळतात.

कंट्रोलर बिघडला तर? सगळा भार सुटलेलं पेल्टन १,५०० वरून २,७०० फेऱ्यांच्या आसपास पळू शकतं, प्रोपेलर त्याहून वाईट. जनरेटर तेवढा वेग सोसेल हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. पेल्टनला धारेपुढे आडवी येणारी पट्टी बसवा. धार क्षणात चाकावरून हटते आणि व्हॉल्व्ह झटक्यात बंद करायची पाळी येत नाही.

१०. तारा

आमच्या शेडपासून वस्ती ६०० मीटर. १६ चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम तारेवरून ४ किलोवॅट एका फेजनं, २३० व्होल्टनं नेले तर वाटेत ४० व्होल्ट पडतात. घरांत १९० पोचतात. तीच तार, पण तीन फेज ४०० व्होल्टनं, भार तिन्ही फेजवर सारखा वाटून नेला तर प्रत्येक फेजवर फक्त ७ व्होल्टांची घट. तारा दोनाऐवजी चार लागतात, तरी फायदा उघड आहे. शेडमध्ये आणि वस्तीच्या टोकाला आकाशातल्या विजेपासून वाचवणारे वीजरोधक लावा, अर्थिंग नीट करा. ही दोन कामं ज्याला येतात त्याच्याकडूनच करून घ्या, हौशी माणसाकडून नाही.

११. पहिल्यांदा सुरू करताना

हाताशी ठेवा: प्रेशर गेज (यंत्राच्या अगदी आधी कायमचा बसवलेला), मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर, पाने, ग्रीस गन, आणि जादा बेअरिंग, पट्टा, फ्यूज, कंट्रोलरचं कार्ड.

वरची झडप अगदी थोडी उघडून पाइप भरा, घाईनं नको. हवा पूर्ण बाहेर पडू द्या. भरलेला पाइप एक दिवस तसाच ठेवा आणि प्रत्येक जोड हातानं चाचपा. मग घरं न जोडता, फक्त हीटरवर यंत्र चालवा. दोन-तीन दिवस बेअरिंगचं तापमान, आवाज आणि व्होल्टेज बघा. घरं त्यानंतर. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून टाकू नका, पाहुण्यांसमोर पाइप फुटला तर फार वाईट दिसतं.

१२. माणूस, पैसे, वही

यंत्र चालवायला पगारी माणूस हवा. आळीपाळीनं सगळ्यांनी बघायचं असं ठरवलं की कुणीच बघत नाही, चार महिन्यांत आम्ही हे पाहिलं. दोघांना शिकवा, एक गावाला गेला तर दुसरा हवा. वर्गणी वॅटच्या मर्यादेनुसार घ्या, आणि तिच्यातून पगार भागून बेअरिंग, पट्टा, पाइपाच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला काही बाजूला पडलंच पाहिजे. वीज फुकट दिली तर पहिलं बेअरिंग गेलं की योजना बंद पडते.

मोठी वीजवाहिनी उद्या वस्तीपर्यंत येईल ही शक्यताही धरून ठेवा. नेपाळमध्ये अशा अनेक छोट्या योजना तारा पोचल्यावर सोडून दिल्या गेल्या. काही मात्र जोडल्या गेल्या: स्यौरेभूमीचा २३ किलोवॅटचा संच २०१८ मध्ये राष्ट्रीय जाळ्याला वीज देऊ लागला. इंडोनेशियात चिंता मेकार इथल्या १२० किलोवॅटच्या संचानं जाळ्याला वीज विकली आणि त्यातला वाटा गावाला मिळाला. जोडणीची शक्यता दिसत असेल तर सुरुवातीलाच तीन फेजचा जनरेटर घ्या.

आणि वही. रोज सकाळी आणि संध्याकाळी चार आकडे लिहायचे: गेजचा दाब, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, हीटरकडे जाणारे अँपिअर. आमच्या गेजवर पाणी थांबलेलं असताना ४.० दिसतं आणि चारही नोझल चालू असताना ३.७. चालू असताना दाब ३.७ वरून ३.२ वर आला, तर खोट वर आहे: जाळी तुंबली आहे किंवा ओढा आटला आहे. दाब उलट ३.९ कडे सरकला आणि वीज घटली, तर खोट खाली आहे: नोझलमध्ये काहीतरी अडकलं आहे आणि पाणी कमी वाहत असल्यानं घर्षणही घटलं आहे. आमचा चालक आधी गेज बघतो, मग खराटा घेऊन वर जायचं की पाना घेऊन शेडमध्ये, ते ठरवतो.